कान्हेरीला चालत चला, पण पाय सांभाळून

बुद्ध पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वस्तीतली एक मुलगी आम्हाला बोलवायला आली. "आजीचे पाय बघा ना." जाऊन पाहिले तर आजींच्या दोन्ही तळव्यांना रुपयाएवढे फोड आलेले, उजव्या पायाचा एक फुटलेला. आदल्या दिवशी त्या मंडळाच्या गाडीतून कान्हेरीला गेल्या होत्या. मे महिन्यातली दुपार. तथागतांच्या दर्शनाला जायचे म्हणून सगळ्यांबरोबर त्यांनीही पायऱ्यांच्या खालीच चपला काढल्या आणि तापलेल्या कातळावरून अनवाणी वर गेल्या. "भाजलं नाही का आजी?" असे विचारले तर म्हणाल्या, "नाही गं बाई, मला तर काहीच लागलं नाही."

काहीच लागले नाही, हेच दुखणे. बारा वर्षे अंगात साखर, पायातली जाणीव कधी निघून गेली ते कळलेही नाही. रात्री नात पाय चेपायला बसली आणि तिच्या हाताला ओल लागली, म्हणून फोड सापडले. रोज ड्रेसिंग, साखरेच्या गोळ्यांत बदल, चालणे बंद. जखम भरायला अडीच महिने गेले. बोट वाचले, हे नशीब म्हणायचे. आम्ही वॉर्डात काम करत होतो तेव्हा अशा फोडापासून सुरू होऊन घोट्यापर्यंत गेलेले पाय पाहिले आहेत.

हे वाचून कुणी म्हणेल, मग म्हाताऱ्या माणसांनी लेण्यांवर जाऊच नये. आमचे म्हणणे अगदी उलटे आहे. जावे. वर्षातून एकदा नव्हे, महिन्यातून एकदा जावे. फक्त आपण ज्या तऱ्हेने जातो ती तऱ्हा बदलावी.

आपली सहल कशी असते ते आपल्याला ठाऊक आहे. बारा माणसांच्या गाडीत अठरा. पहाटे चारला निघायचे, सहाला निघतो. कार्ला, भाजे, मध्ये लोणावळ्याचे पॉइंट, चिक्की, परत येताना आणखी एखादे ठिकाण, कारण गाडीचे भाडे दिवसाचे ठरले आहे, ते वसूल व्हायला नको का? घाटात खिडकीतून डोंगर बघायचा, मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, तेवढ्यात मागच्या सीटवरचे पोर ओकते. दिवसभरात गाडीत नऊ-दहा तास आणि पायावर दीड तास. घरी आल्यावर पाय सुजलेले, कंबर धरलेली, दुसऱ्या दिवशी कामाला खाडा. आणि डोंगर? तो काचेबाहेर राहिला.

या सहलीतली एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती आम्ही बोलतो. आपल्या बायका सहलीच्या दिवशी पाणी पीत नाहीत. मुद्दाम पीत नाहीत. वाटेत गाडी थांबेल की नाही, थांबली तर आडोसा असेल की नाही, पुरुषांना सांगायचे कसे, या विचाराने सकाळपासून घोटभर चहावर राहतात. मग उन्हात डोके धरते, चक्कर येते, आणि तीन-चार दिवसांनी लघवीला जळजळ होते म्हणून आमच्याकडे येतात. दर सहलीनंतर दोघी-तिघी तरी असतातच. गाडी ठरवताना मंडळाचे कार्यकर्ते एसी आहे का, गाणी वाजतात का ते विचारतात. बायकांना उतरायला कुठे थांबणार, हे कुणी विचारल्याचे आम्हाला आठवत नाही.

मुंबईत राहणाऱ्या आपल्या माणसांना डोंगर बघायला घाट ओलांडायची खरे तर गरज नाही. बोरिवली स्टेशनवर पूर्वेला उतरा, पंधरा-वीस मिनिटे चाला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक येते. १०० चौरस किलोमीटरहून मोठे जंगल, एका बाजूला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला ठाणे. तुळशी आणि विहार हे दोन तलाव या डोंगरांच्या कुशीत आहेत. विहारचे पाणी १८६० पासून मुंबईला मिळू लागले. शहराची नळाची सुरुवात तिथून. बिबट्या इथे राहतो, चितळ दिसते, पावसाळ्यात प्रत्येक घळीतून ओढा धावतो. आणि या डोंगराच्या मधोमध आपली कान्हेरी. जुन्या लेखांतले नाव कण्हसेल किंवा कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर. १०० हून जास्त लेणी. इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून कोरायला सुरुवात झाली आणि पुढे हजार वर्षे इथे भिक्खूंचा राबता होता.

फाटकापासून लेणी सहाएक किलोमीटर. आत बस जाते. बहुतेक जण बसने किंवा गाडीने थेट पायथ्याशी जातात, तीन नंबरचे चैत्यगृह बघतात, ओसरीतल्या दोन्ही टोकांच्या उंच बुद्धमूर्तींसमोर वंदना घेतात, फोटो काढतात आणि उतरतात. वरची लेणी तशीच राहतात. अकरा नंबरच्या लेण्यात लांबच लांब दगडी बाक आहेत, एकेचाळीसमध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. तिथपर्यंत आपली माणसे फार कमी पोचतात. "वर काय, सगळं सारखंच आहे," असे म्हणत खाली भेळ खायला येतात. राग येत नाही, वाईट वाटते.

आमचे मत असे की कान्हेरी हे बघण्याचे ठिकाण कमी आणि चालण्याचे ठिकाण जास्त आहे. लेण्यांकडे नीट पाहिले तर ते तिथेच दिसते. एका लेण्यातून दुसऱ्यात जायला कातळात पायऱ्या खोदल्या आहेत, हात टेकायला जागा आहे, दारापुढे बसायला ओटे कोरले आहेत. थोडे चढा, थोडे बसा, पुन्हा चढा. जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी पाण्याचे टाके आहे आणि पावसाचे पाणी त्यात यावे म्हणून दगडात पन्हळी काढल्या आहेत. ही टाकी कुणी दिली ते ब्राह्मी अक्षरांत लिहून ठेवले आहे: कल्याणचे व्यापारी, सोपाऱ्याची माणसे, भिक्खुणी, उपासिका. चढून येणाऱ्या दमलेल्या माणसाला पाणी मिळावे म्हणून दोन हजार वर्षांपूर्वी बायकांनी दान दिले. महाडच्या तळ्याचा इतिहास आपण पोरांना सांगतो. कान्हेरीच्या टाक्यांपाशी उभे राहून हाही सांगावा. (ते पाणी आता मात्र पिऊ नका. आपली बाटली न्या.)

चालणे हा तर धम्मातलाच भाग. भिक्खू ध्यानाला बसत तसेच चंक्रमण करत, म्हणजे ठरावीक अंतर शांतपणे ये-जा करत. बोधगयेला महाबोधी विहाराच्या उत्तरेला तथागतांच्या चंक्रमणाची जागा आजही दाखवतात. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत: लांबचा प्रवास झेपतो, कष्टाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले अन्न पचते आणि मिळवलेली एकाग्रता टिकून राहते. पाचातले चार फायदे शरीराचे आहेत. साखरेच्या ओपीडीत आम्ही पेशंटला जे सांगायचो त्यात आणि यात काही फरक नाही. आज डॉक्टर सांगतात, आठवड्याला १५० मिनिटे, थोडा दम लागेल असे चाला.

हे बोलले की वस्तीत एक उत्तर हमखास मिळते. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी तर आम्हाला सुनावलेच. "आम्ही जन्मभर चाललो. सहा घरची कामं, चार-चार जिने. आता सुट्टीच्या दिवशी पण डोंगर चढू होय?" त्यांचे चुकले नाही. आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. घाईत, डोक्यावर ओझे घेऊन, उपाशीपोटी, कुणाची तरी बोलणी खायच्या भीतीने चालणे आणि मोकळ्या हवेत आपल्या चालीने चालणे, दोन्हीत पाय तेच असतात पण अंगाला ते सारखे नसते. ज्या बाईचे दिवसभर पायांवर काम आहे, तिला सहा किलोमीटर चालायची काही गरज नाही. तिने बसने वर जावे, ओट्यावर बसावे, झाडाखाली आडवे व्हावे. तो तिचा हक्क आहे. पण त्याच घरात शिलाई मशीनवर बसणारी सून आहे, रिक्षा चालवणारा मुलगा आहे, बारा तास खुर्चीत बसणारा वॉचमन आहे, मोबाइल घेऊन पडलेला नातू आहे. त्यांनी चालावे. एकाच घरातल्या सगळ्यांना एकच औषध देत नाहीत, तसेच हे.

आणि आजारी माणसाने कसे चालावे, ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच चुका होतात.

साखर असलेल्यांनी आधी पाय बघावेत. निघण्याच्या आदल्या रात्री आणि घरी परतल्यावर, तळवा, बोटांच्या बेचक्या, टाच. स्वतःला दिसत नसेल तर नातवंडाला सांगा किंवा खाली आरसा धरा. चप्पल नको, मागून बंद असलेले मऊ बूट आणि सुती मोजे. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. चैत्यगृहात आदराने पादत्राणे काढायची असतील तर दाराशी काढा, पायऱ्यांच्या खाली नव्हे, आणि मोजे काढू नका. मोजे घालून केलेली वंदना कमी होत नाही. आजींना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी आधी विहारातल्या भन्तेंना विचारले. भन्ते म्हणाले, पाय सांभाळा. मग त्यांना पटले. आमचे नुसते सांगणे पुरले नव्हते, असो.

दुसरी चूक गोळीची. सकाळी घाईत साखरेची गोळी घेतली किंवा इन्सुलिन टोचले, नाष्टा वाटेत करू म्हटले, आणि नाष्टा राहिला. वर चालण्यानेही साखर उतरते. मग दहा वाजता दरदरून घाम, हात थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणे विसंगत. लोक म्हणतात ऊन लागले, कांदा हुंगायला देतात. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या, मग पोळी-बिस्कीट काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा. साखरेची पुडी आम्ही प्रत्येकीच्या कनवटीला देतो. पर्समध्ये नको, पर्स नेमकी दुसरीच्या हातात असते.

बीपीची गोळी सहल म्हणून चुकवू नका. लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल आणि म्हणून ती टाळावीशी वाटत असेल, तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा, स्वतः ठरवू नका. दम्याचा पंप खिशात हवा. चढताना बोलता येते का ते बघत राहा. सोबतिणीशी बोलताना वाक्य तुटायला लागले की थांबायचे. छातीत दाब, जबडा किंवा डावा हात भरून येणे, कारण नसताना गार घाम, यातले काही झाले तर "थोडं बसते, बरं वाटेल" म्हणायचे नाही. खाली उतरवा, गार्डला सांगा, १०८ ला फोन करा. तरुण पोरी दोन जिन्यांत धापा टाकतात, त्यांच्या पापण्या ओढून बघा; बऱ्याचदा रक्त कमी असते. त्यांना डोंगर नको असे नाही, आधी लोहाच्या गोळ्या हव्यात.

गुडघे चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखतात. काठी न्या, लाजू नका. उतरताना पाऊल आडवे ठेवा, धाकटी पोरे धावत सुटतात त्यांच्या मागे लागू नका. पावसाळ्यात कान्हेरी सगळ्यात देखणी असते, पण शेवाळलेला कातळ साबणासारखा असतो. ओढ्यात उतरणे, सेल्फीसाठी धबधब्याच्या कडेला जाणे, हे वयाने मोठ्या झालेल्या पोरांचेच चाळे. वर पाऊस पडला की खालचा ओढा बघता बघता फुगतो. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात जाऊ नका. लेप्टोचा ताप तसाच येतो. पाण्यात गेलाच असाल आणि पुढच्या पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल, असे झाले तर डॉक्टरांना पाण्यात गेल्याचे आठवणीने सांगा. नाहीतर साधा ताप म्हणून दोन दिवस फुकट जातात.

माकडांना खायला देऊ नका. देऊन पुण्य लागत नाही, चावा मिळतो. माकड किंवा कुत्रे चावले, ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. हळद, चुना, मिरची काही लावायचे नाही. साप चावला तर आवळून बांधणे, कापणे, चोखणे बंद. हातपाय न हलवता दवाखान्यात. बिबट्याची भीती पुष्कळ जण घालतात. दिवसाउजेडी, रस्त्याने, घोळक्याने चालणाऱ्या माणसांच्या वाटेला तो जात नाही. लहान मुले मध्ये, मोठी पुढे-मागे, आणि संध्याकाळ व्हायच्या आत बाहेर.

घाटातल्या गाडीचेही सांगून टाकतो, कारण कार्ला-भाजे कुणी सोडणार नाही आणि सोडूही नये. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा, नजर लांब रस्त्यावर, मोबाइल बंद, पोट अगदी रिकामे नको आणि तुडुंब नको. उलटीची गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते, ओकून झाल्यावर नव्हे. दर दीड-दोन तासांनी सगळ्यांनी उतरून पाच मिनिटे चालायचे. तो थांबा स्वच्छतागृह असलेल्या ठिकाणीच घ्यायचा, आणि तो आधी ठरवायचा. ड्रायव्हर आदल्या रात्री झोपला होता का, हा प्रश्न भाडे ठरवताना विचारा. आपल्यातलीच पोरे रात्रपाळी करून सकाळी गाडी काढतात, आम्हाला ठाऊक आहे.

आता पैशाचे. उद्यानाचे प्रवेशाचे तिकीट वेगळे, लेण्यांचे पुरातत्त्व खात्याचे तिकीट वेगळे, बसचे भाडे वेगळे. लेण्यांवर पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, तरी पाच माणसांच्या घराला ट्रेनचे धरून एका दिवसाची मजुरी सहज जाते. म्हणून लोक वर्षातून एकदाच जातात आणि एकाच दिवसात सगळे उरकतात. हा खर्च विहाराने उचलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर एका रात्रीत जेवढे पैसे जातात तेवढ्यात वस्तीतल्या सगळ्या उपासिका वर्षभर दर महिन्याला कान्हेरीला जाऊन येतील. हे बोलल्यावर एका कमिटीत आमच्यावर आवाज चढला होता. चढू दे. डीजेने कानाची वाट लागलेली तरुण पोरेही आमच्याच ओपीडीत येत होती.

आणि एक सल आहे. पहाटे या उद्यानात पास काढून चालायला येणारी माणसे बघा. टॉवरमधली, पांढऱ्या बुटांची. त्यांनी जरूर चालावे. पण या जंगलाच्या कडेने आपल्या किती वस्त्या आहेत? १९९७ मध्ये हायकोर्टाच्या हुकुमानंतर इथल्या हजारो झोपड्या तुटल्या, ज्यांना घर मिळाले त्यांतले कित्येक चांदिवलीला गेले, बाकीचे मिळेल तिकडे पांगले. त्या काळी पुस्तक-पाटीसकट रस्त्यावर आलेली आपली माणसे अजून आहेत. आत पाड्यांवर राहणाऱ्या वारली आदिवासींना आजही पाण्यासाठी, विजेसाठी झगडावे लागते. आपल्या मनात त्यामुळे एक गोष्ट बसली आहे: जंगल म्हणजे सरकारचे आणि गाडीवाल्यांचे, आपण तिथे अतिक्रमणवाले. फाटकातून आत जाताना आपल्या बायका अजून पदर सावरून, जणू कुणी हटकेल अशा चालतात, ते आम्ही बघतो. ज्या डोंगरात उपासिकांनी टाकी खोदून दिली त्याच डोंगरात.

बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी शेवटची वर्षे त्यांना किती छळले ते आपण वाचले आहे. त्यांच्या आठवणीने तरी आपल्या घरातल्या माणसाचे पाय आपण बघावेत.

आमच्या गटाने गेल्या दिवाळीनंतर दर महिन्याचा एक रविवार ठरवला आहे. सकाळी सातला फाटकापाशी जमतो. जे चालू शकतात ते चालत जातात, बाकीचे बसने. वर अकरा नंबरच्या लेण्यापाशी सगळे भेटतात, त्रिसरण-पंचशील होते, डबे उघडतात. प्रत्येकीने दीड लिटर पाणी आणायचे आणि ते वर जाईपर्यंत अर्धे संपवायचे, ही एकच सक्ती. स्वच्छतागृह फाटकाजवळ आहे आणि लेण्यांकडेही, पण चालू आहे का ते आमच्यातली एक जण आधी जाऊन बघून येते. बंद असेल तर तक्रार लिहून देतो, तीनदा दिली आहे. प्लास्टिकच्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत, डबा फडक्यात बांधून आणा. सोमवारी बंद असते.

आजी जानेवारीत आल्या. बुटात, मोज्यात. बसने आल्या आणि चैत्यगृहापर्यंत काठीने चढल्या. तिथून वरच्या टाक्यापर्यंत जाऊ म्हणाल्या, आम्ही नको म्हटले, तर नातीला पुढे पाठवले आणि टाक्यावरचे लेख कसे दिसतात ते तिला विचारून घेतले.